मुलांच्या खोलीत खेळ हवा, पण गादीवर नको

मुलांच्या झोपायच्या खोलीत खेळायला जागा ठेवावी की ती खोली फक्त झोपेसाठीच असावी, हा प्रश्न आज दिवसभर मनात घोळतोय. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत ३१वं कलम आहे. त्यात विश्रांती आणि खेळ हे दोन्ही हक्क एकत्रच दिले आहेत. घराचा नकाशा काढताना मात्र आपण त्यांची फारकत करतो. माझं उत्तर ठाम आहे: जागा ठेवायचीच, फक्त गादी त्यातून वगळायची.

गादी का वगळायची, याला कारण आहे. निद्रानाशावर १९७२मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेली पद्धत आजही वापरली जाते आणि तिचा गाभा साधा आहे: बिछान्यावर फक्त झोपायचं, म्हणजे आडवं पडल्यावर शरीराला दुसरं काही सुचत नाही. ती पद्धत मोठ्यांसाठी होती, पण सवय लागण्याची रीत मुलांमध्ये काही वेगळी नसते. दुपारी जी गादी किल्ला असते, ती रात्री एकदम शांत होत नाही. म्हणून उड्या, ठोकळे, रंगपेट्या सगळं जमिनीवर. आणि शिक्षा म्हणून मुलाला बिछान्यावर पाठवणंही बंद. त्याने झोपेचं नुकसान खेळण्यांपेक्षा जास्त होतं, असं मला वाटतं.

आता जमीन. खोली लहान आहे ही तक्रार बहुतेक वेळा मांडणीची असते. दहा बाय दहाची खोली घ्या. पलंग तीन फूट रुंद, सव्वासहा फूट लांब. समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट. पलंग मधोमध ठेवला तर एका बाजूला साडेतीन फुटांची पट्टी उरते आणि कपाटाकडे फक्त दीड फूट. दोन्हीत धड काही मांडता येत नाही. तोच पलंग कोपऱ्यात सरकवला की पलंग आणि कपाट यांच्यामध्ये सलग पाच फूट रुंदी मिळते. आत उघडणाऱ्या दाराला तीन फूट सोडले तरी पाच बाय सात शिल्लक राहते. दोन मुलं समोरासमोर बसून रेल्वेचे रूळ जोडू शकतात, एवढी ती जागा आहे. खरेदीला निघण्याआधी जमिनीवर खडूने पलंग, कपाट आणि दाराचं वर्तुळ आखून पाहा.

कोपऱ्यातल्या पलंगाचा एक धोका सांगायलाच हवा. गादी आणि भिंत यांच्यात फट राहिली तर झोपेत मूल तिच्यात अडकू शकतं. पलंग भिंतीला घट्ट लावायचा आणि तो सरकू नये म्हणून पायांखाली रबराच्या चकत्या घालायच्या. खिडकीखाली पलंग नको आणि खेळण्यांचं कपाटही नको, कारण मुलांसाठी ती पायरीच असते. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या काढून टाका.

खेळणी झाकणाच्या मोठ्या पेटीत टाकली की तळाची महिनोन्‌महिने वर येत नाहीत आणि एक शोधायला सगळी उपसली जातात. जड झाकण बोटांवर किंवा मानेवर आदळतं, ते वेगळंच. त्यापेक्षा अडीच फूट उंचीचे, एक फूट खोल उघडे कप्पे बरे. बुटके असले तरी तेही भिंतीला जखडायचे. मूल फळीवर पाय देतं किंवा खण एकदम बाहेर ओढतं, तेव्हा वजन पुढच्या पायांच्या पुढे जातं आणि सगळं अंगावर येतं. वरच्या कडेला दोन एल-अँगल, म्हणजे काटकोनात वाकवलेल्या पट्ट्या, आणि विटांच्या भिंतीत फिशर, म्हणजे प्लास्टिकची खुंटी, घालून स्क्रू. जिप्समच्या भिंतीत मागच्या सांगाड्याची पट्टी सापडल्याशिवाय तो स्क्रू धरत नाही, हाताने ओढला तरी निघतो. जड खेळणी सगळ्यात खालच्या कप्प्यात.

किती खेळणी बाहेर ठेवायची? टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहानग्यांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चार असताना प्रत्येक खेळण्याशी ती जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून थोडीच बाहेर ठेवायची, बाकीची दुसरीकडे, आणि मुलांचा रस ओसरला की अदलाबदल.

रात्रीचं भांडण मात्र बहुतेक वेळा खेळण्यांवरून नसतंच. ते अर्धवट राहिलेल्या खेळावरून असतं. तासभर खपून उभी केलेली इमारत "आवर" म्हटल्यावर मोडावी लागते, म्हणून मूल हट्टाला पेटतं. या हट्टाला लाड म्हणणं मला पटत नाही. ते त्याचं काम आहे. त्यावर उपाय पलंगाखाली सरकणारी फळी. १२ मिलिमीटरचं प्लायवूड, दोन बाय तीन फूट. ६ मिलिमीटरचं घेतलं तर ते मध्ये वाकतं आणि इमारत कलते. चारही बाजूंना इंचभर उंच बीडिंगपट्टी, म्हणजे तुकडे घरंगळत नाहीत. खाली चार फिरती चाकं, दीड इंचाची. चूक होते ती इथे: चाकांचे स्क्रू फळीपेक्षा लांब निघतात आणि त्यांची टोकं वर येऊन हाताला लागतात. प्रत्येक कोपऱ्याखाली त्याच प्लायवूडचा चार इंचांचा तुकडा चिकटवा, जाडी २४ मिलिमीटर होते, मग २० मिलिमीटरचा स्क्रू बिनधास्त बसतो. ओढायला लांब दोरी नको, ती गळ्यात अडकू शकते. पुढच्या पट्टीत हाताची खाच पुरते. फळी, तुकडे आणि चाकं मिळून तीनेक इंच जातात. म्हणून पलंगाखाली किमान दहा इंच मोकळे हवेत, तरच सात इंचांची इमारत शाबूत आत जाते.

ही फळी असली की आवरायला दहा मिनिटं पुरतात आणि उद्या खेळ तिथूनच सुरू होतो. झोपेआधी अर्धा तास खेळ थांबावा, पण त्याआधी दहा मिनिटं सांगून ठेवावं. वरचा पांढरा दिवा बंद करून २७०० केल्व्हिनचा पिवळसर छोटा दिवा लावायचा. टीव्ही आणि मोबाइल मात्र या खोलीत नकोतच, त्यांना आवरून फळीवर ठेवता येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६मध्ये सांगितलेला हिशेब असा: तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. उठायची वेळ ठरलेली असते, त्यातून हे तास वजा करा. खेळ कधी थांबवायचा ते कळतं.

खोलीत दोन भावंडं असतील आणि धाकटं तीन वर्षांच्या आतलं असेल, तर सव्वा इंचापेक्षा लहान तुकडे जमिनीवर येताच कामा नयेत. मोठ्याचे बारीक खेळ उंच टेबलावर, तेही धाकटं झोपलेलं असताना. बटण सेल आणि छोटी लोहचुंबकं असलेली खेळणी या खोलीत ठेवूच नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात मऊ बाहुलीसुद्धा नको.

उंच पलंग करून खाली खेळायची जागा काढण्याचा मोह होतो. छताला पंखा असेल तर हा विचारच सोडा. नसेल तरी वर झोपणारं मूल सहा वर्षांपेक्षा लहान नको. गादीपासून छतापर्यंत तीन फूट राहिले तरच त्याला वर ताठ बसता येतं. कठडा मोजताना तो गादीच्या वर किती येतो ते पाहायचं, लाकडापासून नाही. जाड गादी घातली की पाच इंचांचा कठडा दोन इंचांचा होतो.

मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की त्या पाच बाय सातमध्ये अभ्यासाचं टेबल येऊन बसतं. टेबल आणा, पण पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीला मिटणारं. त्या वयातही मुलं जमिनीवर पसरून नकाशे काढतात, पत्त्यांचे बंगले बांधतात, मैत्रिणीशी गुडघ्याला गुडघा लावून बसतात. तेवढी जमीन त्यांच्याकडे राहू द्या.