गूगलचं काम घरात ठेवू की बाहेर देऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत विचारलंय, साइट ऑफिसातल्या गुळमट चहावर विचारलंय, एकदा तर दाताच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून विचारलंय. "मॅडम, गूगलच्या जाहिरातींसाठी मुलगा ठेवू की एजन्सीला देऊ?" विचारणारे बहुतेक बिल्डर. एखाद-दुसरी साइट चालू आणि तिसऱ्या जागेची बोलणी सुरू, अशा बेताचे. मोठ्यांना हा प्रश्न पडत नाही, त्यांच्याकडे मजलाभर माणसं असतात.

मी सहा वर्षं एजन्सीत होते, पुढची चार वर्षं पुण्यातल्या एका बिल्डरकडे पगारावर, आणि आता या दोघांच्या मधे लुडबुड करून पोट भरते. दोन्हीकडची उणीदुणी मला ठाऊक आहेत. माझ्या सल्ल्यात माझाही स्वार्थ असणार, ते गृहीत धरूनच वाचा.

आधी मंगल कार्यालयाची गोष्ट सांगते.

रावेतच्या बाजूची साइट. प्रोजेक्टला शेठनी आईचं नाव दिलेलं. गंमत अशी की, तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर जवळपास त्याच नावाचं एक मंगल कार्यालय होतं, चांगलं चालणारं. जाहिरातींचं काम बाहेरगावच्या एका एजन्सीकडे होतं. दर सोमवारी त्यांचा रंगीत रिपोर्ट यायचा. एप्रिलमध्ये त्या रिपोर्टात चमत्कार दिसला: जी लीड, म्हणजे जाहिरातीवरून आलेली चौकशी, नऊशे रुपयांना पडायची ती चारशेवर आली. शेठ खूश, एजन्सी खूश, बजेट वाढलं. मे महिन्यात आकडे आणखी छान. बुकिंग मात्र हलेना. मग मला बोलावणं आलं.

मी आधी कॉम्प्युटर उघडला नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, फोन आले की लिहून ठेवतेस का? तिनं दोनशे पानी वही पुढे केली. तारीख, नंबर आणि एका ओळीत विषय, निळ्या पेनानं, सुरेख अक्षरात. हॉल. हॉल. टू बीएचके, बजेट नाही. हॉल, ५०० माणसं. हॉल, ताट केवढ्याला? हॉल, एसी आहे का? पानंच्या पानं. ऐन लग्नसराई, दुसरं काय होणार.

"अगं, मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की ताई, प्रत्येकाला. हॉल नाहीये, फ्लॅट आहेत म्हणून."

तिची यात काडीची चूक नव्हती. तिनं कुणाला सांगावं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एजन्सीच्या हिशेबात जाहिरातीतल्या फोनच्या बटणावर कुणी टिचकी मारली की झाली लीड. ती टिचकी कशासाठी होती हे त्यांना आठशे किलोमीटरवरून कसं कळणार? पैसे बाहेर खर्च होत होते आणि अक्कल आत वहीत पडून होती. दोघांच्या मधे रस्ताच नव्हता.

याची एक तांत्रिक बाजू आहे, ती सोप्या भाषेत सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. हल्ली कुठल्या शब्दाला किती पैसे लावायचे हे बहुतेक ठिकाणी गूगलच ठरवतं. तुम्ही त्याला 'यश' म्हणून जे दाखवाल त्याच्या मागे ते इमानदारीत धावतं. टिचकीला यश म्हणालात तर ते स्वस्तात टिचक्या मारणारी माणसं शोधून आणतं. मंगल कार्यालय शोधणारा माणूस घाईत असतो, लगेच फोन लावतो. गूगलच्या दृष्टीनं असं सोन्यासारखं गिऱ्हाईक दुसरं नाही! म्हणून त्यानं तसेच आणखी आणले. उलट, कुठली लीड खरोखर साइट पाहायला आली आणि कुणी टोकन दिलं, हे परत गूगलला कळवायची सोय आहे. प्रत्येक टिचकीला एक ओळखक्रमांक असतो. तो फॉर्मबरोबर जपून ठेवला, आणि नंतर 'हा आला, हा आला नाही' अशी यादी चढवली, की मशीन हळूहळू सुधारतं. पण ही यादी एजन्सीकडे नसते. ती असते सेल्स ऑफिसच्या रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर भरतो तुमचा माणूस. भरत असेल तर.

त्या वहीतून आणि गूगलच्या सर्च टर्म्सच्या, म्हणजे लोकांनी नेमकं काय शोधलं ते दाखवणाऱ्या, रिपोर्टमधून आम्ही दुपारभर बसून यादी काढली. हॉल, लॉन, केटरिंग, मुहूर्त, सगळं निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर आपली जाहिरात दाखवू नये त्या यादीत. त्याशिवाय नेहमीचे पाहुणे होतेच: 'फ्लॅट ऑन रेंट', 'पीजी नियर हिंजवडी', म्हाडाची लॉटरी. पुढच्या महिन्यात लीडची किंमत पुन्हा नऊशेच्या वर गेली आणि शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. साइट व्हिजिट वाढल्या तेव्हा कुठे आठ्या उतरल्या.

तुम्ही म्हणाल, म्हणजे काम घरातच ठेवायला हवं. थांबा.

दुसरी साइट, मोशीची. तिथे एजन्सीला रामराम करून पस्तीस हजारांवर एक मुलगा ठेवला होता. हुशार, मेहनती. पहिला महिना त्यानं खरंच जाहिराती पाहिल्या. मग शेठच्या लक्षात आलं की याला फोटोशॉप येतं. झालं. वाढदिवसाचे बॅनर, गणपतीच्या शुभेच्छा, ब्रोशरची पीडीएफ, सॅम्पल फ्लॅटची रील, वहिनींच्या मोबाइलमधलं बॅकअप, आणि प्रिंटर अडला की "जरा बघ रे". गूगलचं अकाउंट बघायला त्याला शनिवारी संध्याकाळी वेळ मिळायचा. दीड वर्षानं त्याला हिंजवडीतल्या एका कंपनीत दुप्पट पगार मिळाला आणि तो गेला. रीतसर पेढे देऊन गेला. त्यानंतर कळलं की अकाउंट त्याच्या स्वतःच्या जीमेलवर उघडलेलं होतं. काम घरात होतं, पण अकाउंट त्याच्या घरी होतं. मुलगा भला होता म्हणून परत मिळालं. एजन्सीच्या बाबतीत हेच अनेकदा वाईट संपतं. त्यांच्या नावावरचं अकाउंट, काम काढून घेतलं की दोन वर्षांचा सगळा इतिहास त्यांच्याकडेच. कुठल्या शब्दांवर पैसे वाया गेले हे तुम्ही स्वतःच्या खर्चानं शिकलात आणि ते शिक्षण दुसऱ्याच्या कपाटात राहिलं.

म्हणून अकाउंट कंपनीच्या ईमेलवर, कार्ड कंपनीचं, आणि एजन्सीला तिच्या मॅनेजर अकाउंटमधून (अनेक गिऱ्हाइकांची अकाउंटं एका जागेवरून सांभाळायची गूगलची सोय) फक्त जोडून घ्यायचं. नको तेव्हा दुवा तोडता येतो. ह्यावर एजन्सी कां-कूं करू लागली तर पुढची बोलणी कशाला करता?

पैशांचं म्हणाल तर त्यावरून निर्णय होतच नाही. धरा, महिन्याला तीन लाख गूगलवर जातात. एजन्सी पंधरा टक्के घेत असेल तर ४५ हजार, वर १८ टक्के जीएसटीचे ८ हजार १००. इथे बिल्डरांचे मुनीम सोडून कुणाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरांच्या विक्रीवर १ किंवा ५ टक्के जीएसटीची जी योजना आहे, तिच्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणजे एजन्सीच्या बिलावरचा जीएसटी तुमच्या खिशातूनच जातो. एकूण पडले ५३ हजार १००. तेवढ्यात अनुभवी माणूस पगारावर येतो, पण त्याचा पीएफ, बोनस, सुट्ट्या आणि एक दिवस अचानक येणारा राजीनामा धरला की तराजू पुन्हा सारखा. गूगलच्या स्वतःच्या बिलावरचा १८ टक्के कर दोन्हीकडे भरावाच लागतो. राहता राहिली टक्केवारीची गोम: ज्याची फी तुमच्या खर्चावर वाढते तो तुम्हाला खर्च कमी करा असं कधी सांगेल? मी एजन्सीत सहा वर्षं होते, आम्ही एकदाही सांगितलं नाही. ठरावीक रक्कम बोलून घ्या.

शिवाय आपला धंदा वर्षभर एका चालीनं चालत नाही. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी, तेव्हा धावपळ. पितृपंधरवड्यात तुम्ही कितीही जाहिरात ओता, पुण्यात टोकन द्यायला माणूस येत नाही, फार तर चौकशी करून ठेवतो. लाँचच्या तीन महिन्यांत एका माणसाला काम आवरत नाही आणि नंतर ऐंशीतले साठ फ्लॅट गेले की त्याला दिवसाकाठी तासाभराचं काम उरत नाही. मग त्याच्या हातून बॅनर करून घेतले जातात. माझा हिशेब असा: तीनपेक्षा कमी साइट असतील तर केवळ गूगलसाठी पूर्णवेळ माणूस ठेवू नका. हात बाहेरून घ्या. कान मात्र तुमचे हवेत.

कान म्हणजे काय, ते आणखी एका बाबतीत दिसतं. तुमचं होर्डिंग कात्रज-देहूरोड बायपासवर लागतं. माणूस ते बघतो, घरी जाऊन प्रोजेक्टचं नाव गूगलवर टाकतो. सगळ्यात वर दिसते जाहिरात, आणि ती तुमची नसून एखाद्या चॅनल पार्टनरची, म्हणजे कमिशनवर फ्लॅट विकणाऱ्या दलालाची असते. वेबसाइट हुबेहूब तुमच्यासारखी, 'ऑफिशियल' वगैरे लिहिलेलं. माणूस फॉर्म भरतो, लीड त्या पार्टनरच्या नावानं टॅग होते, आणि स्वतःहून तुमच्याकडे निघालेल्या गिऱ्हाइकाची दोन टक्के ब्रोकरेज तुम्ही भरता. हे पकडायला तंत्रज्ञ लागत नाही. रोज सकाळी कुणीतरी आपल्याच प्रोजेक्टचं नाव फोनवर शोधून बघायचं, पाच मिनिटांचं काम. एजन्सी ते करत नाही, कारण ते तिच्या करारात नसतं.

एजन्सीचा याच्या उलट एक खेळही असतो. नावानं शोधणारे तसेही येणारच होते. त्यांच्यावर जाहिरात लावायची, स्वस्त लीड दाखवायच्या आणि सरासरी सुंदर करायची. रिपोर्ट मागताना नावानं आलेल्या लीड वेगळ्या आणि 'टू बीएचके इन रावेत' असं शोधून आलेल्या वेगळ्या, असंच मागा. दुसऱ्या रकान्यातला आकडा बघून घाम फुटला तर तोच खरा आहे असं समजा.

जाहिरातीशिवायच्या वरच्या नंबराबद्दल, म्हणजे एसइओबद्दल, फार बोलत नाही. 'वाकडमध्ये फ्लॅट' असं शोधलं की पहिलं पान मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स, हाउसिंग यांनी अडवलेलं असतं. एका प्रोजेक्टच्या वेबसाइटनं त्यांना ओलांडायचं म्हणजे तोवर पझेशनची वेळ येते. 'पहिल्या पानाची गॅरंटी' देणारे बहुधा तुमच्याच नावावर तुम्हाला पहिलं आणून दाखवतात. गूगल मॅपवरची नोंद मात्र जिवंत ठेवा. स्लॅब पडल्याचा फोटो साइट इंजिनीअरनं त्याच दिवशी टाकावा. बाहेरचा माणूस टाकतो ते इंटरनेटवरून उचललेलं गोऱ्या कुटुंबाचं हसरं चित्र.

आणि रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा. हा विषय बाहेर देताच येत नाही. महारेराचा नोंदणी क्रमांक जाहिरातीत हवा, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले तर भरपाई प्रवर्तकानं द्यायची, कॉपी लिहिणाऱ्यानं नाही. मी स्वतः एका साइटच्या जाहिरातीत 'मेट्रोपासून २ मिनिटं' असं वाचलंय. लिहिणाऱ्या पोरानं नकाशावर अंतर मोजलं होतं. तिथे त्या वेळी नुसते खांब उभे होते. मजकूर कुणीही लिहो, जाहिरात सुरू होण्याआधी तुमच्या ऑफिसातल्या, जागा पाहिलेल्या माणसाची त्यावर सही हवी.

परवा नाशिकच्या एकांनी फोनवर पुन्हा हेच विचारलं, मुलगा की एजन्सी. मी विचारलं, तुमच्या जाहिरातीवरचा फोन कोण उचलतं? ते म्हणाले, "असतं कुणीतरी." मग म्हटलं, आठवडाभर तुम्ही उचला, आणि मग मला फोन करा.

रावेतच्या त्या मुलीला आता दर सोमवारी सर्च टर्म्सची यादी छापून मिळते. ती जेवणाच्या सुट्टीत लाल पेन घेऊन बसते. एजन्सी तीच आहे, बाहेरगावचीच. मागच्या आठवड्यात त्या मुलीनं एका शब्दाभोवती गोल करून बाजूला लिहिलं होतं: 'हे लोक जागा भाड्यानं मागतात, पण दोघं विकत घ्यायचं म्हणाले. काढू नका.'