आईचे कानाचे यंत्र

नौपाड्याला घरी परतल्यावर पर्स आवरताना यंत्राची रिकामी निळी डबी हाताला लागली आणि मी तशीच बसून राहिले. दोन दिवस आईचे कान या डबीत होते. आयसीयूत नेताना बांगड्या, चष्मा आणि यंत्र माझ्या हाती देऊन सही घेतली गेली, आणि काही हरवू नये म्हणून मीही ते आतल्या कप्प्यात जपून ठेवले.

बाहेरच्या खुर्चीवर बसून सारखे वाटत होते, की मला कोणी काही विचारतच नाही. चिठ्ठी आली की औषधे आणायची, पैसे भरायचे आणि पास दाखवून पाच मिनिटे आईला पाहून यायचे. ती रात्रभर बडबडते, नळ्या ओढते, ऐकत नाही, असे कळले. तिचे बांधलेले हात पाहून मी दादावर चिडले. 'ऐकत नाही' हे शब्द दोनदा कानावर पडूनही मला यंत्र आठवले नाही.

आज दुपारच्या सिस्टरने विचारले, "ताई, आजींना नीट ऐकू येतं ना?" यंत्र कानात बसवताना बारीक शीळ वाजली, मग थांबली, आणि आई म्हणाली, "अगं, दिवस आहे की रात्र?" वयस्कर रुग्णांना आयसीयूत असा भ्रम होतो, त्याला डिलिरियम म्हणतात, आणि चष्मा, यंत्र, घड्याळ, ओळखीचा आवाज यांचा त्यात उपयोग होतो, हे सिस्टरनेच सांगितले. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची आणि टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी कशी द्यायची, हेही तिने माझ्याकडून करवून घेतले.

आजारी नवजात बाळांच्या शुश्रूषेत आईवडिलांना सहभागी करून घ्यावे, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१७ मध्येच काढल्या; वहिनी त्यामुळेच बाळाजवळ बसू शकली होती. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही तसे व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते. पण विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही, हे कसे? तिला ऐकू येत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते?

असो. दादाला सेलचे पाकीट आणायला सांगितले आहे. वहीचे पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिले: यंत्र डाव्या कानात, त्या बाजूने, सावकाश बोलावे. उद्या ते सिस्टरला विचारून कॉटच्या उशाशी चिकटवीन.