झाडाचं वय सांगा

गेटपासून पोर्चपर्यंत मोजून ४२ फूट. एवढ्या रस्त्यापायी मी साडेचार महिने पालिकेच्या चकरा मारल्या आणि त्यातले तीन महिने झाड तोडायच्या परवानगीच्या अर्जातल्या एका रकान्यात गेले: 'झाडाचे अंदाजे वय'. तो रकाना आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

झाड म्हणजे गुलमोहर, गेटच्या आत डाव्या हाताला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गावाकडचं आमचं माळवदाचं घर बसलं. माणसं वाचली. मातीच्या भिंतीखाली पुन्हा झोपायचं नाही म्हणून मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तालुक्याला प्लॉट घेतला, स्लॅबचं घर बांधलं आणि १९९४ च्या पावसाळ्यात गेटजवळ हे रोप लावलं. दारात तेव्हा लुना. या गेटातून कधी चारचाकी आत येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

गुलमोहराची मुळं वरवर पसरतात. त्यात आमची काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पेव्हर ब्लॉक दोनदा बसवले, दोनदा उचकटले. गाडीचा तळ घासायचा. लाकूडही ठिसूळ. २०२३ च्या वळवात मांडीएवढी फांदी शेजाऱ्यांच्या कंपाउंडवर आडवी झाली, तेव्हा घरात ठरलं की हे काढायचं आणि रस्त्याच्या कडेनं विचार करून झाडं लावायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काढा, पण जागा ओसाड ठेवू नका."

झाड आपलं, जागा आपली, लावलंही आपणच; तरी शहराच्या हद्दीत परवानगी लागते. १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. अर्ज, घरपट्टीची पावती, मालमत्तेचा उतारा, चारी बाजूंनी फोटो, हे सगळं एका सकाळीत झालं. वयाचा रकाना मी रिकामा सोडला. म्हटलं, 'अंदाजे' आहे, त्यांचा ते लावतील अंदाज. चूक माझीही होती.

जानेवारी २०२४ च्या शेवटी पाहणीला एक जण आले. हातात शिंप्याचा टेप, दीड मीटरचा. बुंधा त्यात मावेना, म्हणून एका जागी बोट दाबून धरलं, टेप पुढं सरकवला, पुन्हा बोट. तेही कुठं मोजलं? अगदी जमिनीलगत, जिथं गुलमोहराचा बुंधा मुळांच्या पाख्यांनी पसरलेला असतो तिथं. वहीत आकडा टिपला, ओठ हलवत काहीतरी भागाकार केला आणि लिहिलं: ५२.

मला आधी हसू आलं. त्या आकड्याचा अर्थ काय ते घरी आल्यावर वाचलं. २०२१ ला कायद्यात बदल झाला. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड म्हणजे हेरिटेज वृक्ष, त्याचे नियम वेगळे आणि कडक. शिवाय तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी रोपं लावायची, तीही सहा ते आठ फुटी, आणि सात वर्षं जगवायची. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत लावलेलं झाड नवऱ्यापेक्षा मोठं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलापाशी गेले.

"अहो, घरच ९४ चं आहे. त्याआधी इथं ज्वारीचं रान होतं."

"असंल मॅडम. पण रानात झाड असतंच की."

"गुलमोहर? बांधावर?"

"आम्हाला बुंध्यावरून वय काढावं लागतं."

मी म्हटलं, हे मूळचं मादागास्करचं झाड, आपल्या मातीतलंही नाही. ते म्हणाले, "कायद्याला झाड म्हणजे झाड." यावर काय बोलणार?

मग पुरावे सुरू झाले. बांधकाम परवाना नेला. "यात घराचं वय आहे, झाडाचं कुठं आहे?" शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं. "हे तुमचंच म्हणणं झालं." शेजारच्या काकांची सही नेली. "साहेबांना दाखवतो." साहेब मीटिंगला, साहेब लातूरला, साहेब रजेवर. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि अर्धं ऑफिस निवडणुकीच्या कामाला गेलं. मी गेले की पंखा फिरत असायचा, खुर्ची रिकामी आणि माझी फाईल त्याच कोपऱ्यात, वर चहाच्या कपाचा गोल डाग. एप्रिलपर्यंत त्या डागावर दुसरा डाग पडला. घरी यायची, तर उचकटलेल्या ब्लॉकवर गाडी घासायची, आणि तो गुलमोहर लालभडक फुलून उभा.

एका रविवारी मी ट्रंक उपसत होते. आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय शोधूलालीस गं एवढं?" म्हटलं, झाडाचा जन्मदाखला. त्यांनी न बोलता कपाटावरचा अल्बम काढून दिला. त्यात शाळेच्या पहिल्या दिवशीचा नवऱ्याचा फोटो. नवी चप्पल, तेल लावून चापून बसवलेले केस, मागं गेट, आणि खांद्याएवढं एक रोप, भोवती बाभळीचे काटे रचलेले. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली नारिंगी तारीख, जून ९५.

फोटो मोठा करून दोन प्रती काढल्या. सोबत नवा अर्ज: बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजावा. ही उंची मला कुणी सांगितली नव्हती, वाचून शोधावी लागली. तुम्ही पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि टेप खाली गेला की तिथंच बोला, नंतर भांडून उपयोग नाही. साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. "यात काटेच दिसतायत, झाड कुठाय?" मी बोट ठेवलं. पुन्हा मोजणी झाली, खरा टेप घेऊन. ५२ चे ३० झाले.

पुढचं सरळ झालं. झाडावर नोटीस लागली, मंजुरी आली. मंजुरीनंतरही १५ दिवस कुऱ्हाड लावायची नसते, त्यामुळं तोडणारा आधीच ठरवून ॲडव्हान्स देऊ नका. माझे पाचशे त्यात गेले.

आता ३० रोपं. सात आमच्या अंगणात, तेवीस कॉलनीच्या मोकळ्या जागेत, जिथं तोवर गाजरगवताशिवाय काही उगवत नव्हतं. निवड बऱ्याच अंशी आत्याबाईंनी केली. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, आमच्या बोअरमधून नुसती हवा निघायची. त्या उन्हाळ्यात गल्लीत कोणतं झाड हिरवं राहिलं हे त्यांना पाठ आहे. कडुनिंब, करंज, आपटा, सीताफळ. त्यांची यादी ही माझी यादी. तामण मला फार आवडतं, राज्याचं फूल आहे, पण त्याला ओल लागते, मन मारलं. नर्सरीवाल्यानं कोनोकार्पस या परदेशी झाडाचा आग्रह धरला, "सहा महिन्यांत भिंत होते मॅडम." होते खरी, पण गुजरातनं त्यावर २०२३ मध्ये बंदी घातली आहे, आणि मुळांपायी पुन्हा ब्लॉक उचकटायची माझी तयारी नव्हती.

पश्चिमेला कडुनिंब, रस्त्यापासून १२ फूट आत. दुपारची सावली ब्लॉकवर पडते आणि लिंबोळ्या गाडीच्या टपावर पडत नाहीत. रस्त्याच्या दोन्ही कडांना बहावा, पोर्चजवळ बकुळ. बकुळ फार सावकाश वाढते, आज लावली तर आजच विसरा. तारेच्या कंपाउंडला तीन सीताफळं, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. करंजालाही लावत नाहीत, म्हणून मोकळ्या जागेत निम्मे करंज.

रोपं घेताना पिशवीचं बूड बघा, हे मला आधी लिहायला हवं होतं. आठ फुटी रोप दिसायला झकास, पण पिशवीत मुळं चुंबळीसारखी गोल वळलेली असतात. ती कापून मोकळी केल्याशिवाय लावलं, तर झाड वारा आला की कलंडतं. माझी दोन अशीच गेली, बदली रोपं स्वखर्चानं. खड्डा तीन फुटांचा, आणि काळ्या मातीत तळाला मुरूम घालाच, नाहीतर ऑगस्टमध्ये मुळं पाण्यात उभी राहतात. वरून सोयाबीनचं भुसकट पसरलं, बाजार समितीच्या गावात ते काय कमी? फक्त बुंध्याला चिकटवू नका, वाळवी लागते. उन्हाळ्यात प्रत्येकाशेजारी भोक पाडलेलं एक मडकं पुरलं.

एक राहिलंच. झाड तोडल्यावर खात्री करायला तेच जानेवारीतले गृहस्थ आले. फोटो काढला आणि जायचं सोडून खोडापाशी उकिडवे बसले. मीही बसले. खोडावर तांब्याभर पाणी ओतलं आणि दोघांनी वयाची वर्तुळं मोजायला घेतली. मधेच ती पुसट व्हायची, एकात एक मिसळायची. माझी २६ भरली, त्यांची ४१. उष्ण मुलखातल्या झाडांत ती अशी नीट उमटत नाहीत, हे मला पुढं कळलं. त्या वेळी मी पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवत होते.

"जाऊ द्या मॅडम," ते उठत म्हणाले, "फाईल बंद झाली."