२२ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प फ्लॅटमध्ये वाजवताना

फेंडरचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, म्हणजे जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, मी तीन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका वादकाकडून वापरलेला विकत घेतला, तेव्हा २२ वॅट हा आकडा मला अगदी घरगुती वाटला होता. त्यांनी व्हॉल्यूम ५ वर ठेवून वाजवून दाखवले. तार हळू छेडली की स्वर स्वच्छ येत होता आणि जोर दिला की तोच स्वर कडेने किंचित फाटून भरदार होत होता. बोटांचा प्रत्येक फरक अ‍ॅम्पला कळत होता. पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये तोच अ‍ॅम्प व्हॉल्यूम २ वर लावला, तर आवाज काचेसारखा टोकदार आणि पोकळ निघाला. ५ वर नेला, तेव्हा खालच्या काकू वर आल्या. “वाजव रे तू, पण यांचा दुपारी डोळा लागला की नको. भिंत थरथरते बघ,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

मग मी हिशोब मांडला. गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या १२ इंची स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटर अंतरावर साधारण ९८ डेसिबेल आवाज होतो. २२ वॅटला तो १११ च्या आसपास जातो. निवासी भागासाठी आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल आहे. वॅट दहापट कमी केले तरी फक्त १० डेसिबेल कमी होतात आणि कानाला आवाज जेमतेम निम्मा झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे ‘५ वॅटचा छोटा अ‍ॅम्प घे’ हा सल्ला मला अनेकांनी दिला, तरी पूर्ण जोरात तोही १०५ डेसिबेलपर्यंत जाणार होता.

पहिली सुधारणा अगदी लहान निघाली. या अ‍ॅम्पच्या रिव्हर्ब (घुमारा) असलेल्या चॅनलमध्ये व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरवर, ४७ पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर असतो. व्हॉल्यूम कमी असताना तो वरच्या पट्टीचे स्वर पॉटला वळसा घालून पुढे पाठवतो, आणि व्हॉल्यूम वाढवत नेला की त्याचा परिणाम विरत जातो. मला टोचणारी ती काच मुख्यतः इथूनच येत होती. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडून मी त्याचे एक टोक सोडवून घेतले. हे काम घरी करू नये, हे आवर्जून सांगतो, कारण आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढून ठेवल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो.

टोचणे थांबले, पण भरदारपणा आला नाही, कारण तो स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या दोन व्हॉल्व्हवर (६व्ही६ जातीच्या) ताण आल्यावरच येतो. तंबोऱ्याची जवारी नीट लागल्याशिवाय जसा स्वर झंकारत नाही, तसेच हे आहे. ताण तर हवा, पण आवाज नको, म्हणून अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे अ‍ॅम्पची बरीच ताकद स्वतः पिऊन थोडीच स्पीकरला देणारी पेटी, लावायचे ठरवले. पहिला घेतला तो स्वस्त, नुसत्या रेझिस्टरचा. ६ डेसिबेल कमी करेपर्यंत तो उत्तम चालला. २० डेसिबेलवर मात्र स्वरावर गोधडी टाकल्यासारखे झाले. स्पीकर कागदावर ८ ओहमचा असला, तरी त्याच्या खालच्या अनुनादी कंप्रतेला आणि वरच्या पट्टीत त्याचा विरोध कितीतरी पटींनी वाढतो, आणि अ‍ॅम्पचा प्रतिसाद त्या चढउतारावरच घडलेला असतो, हे मला त्यानंतर उमगले. रेझिस्टर तो चढउतार सपाट करून टाकतो.

म्हणून पैसे साठवून, कॉइल आणि कपॅसिटर वापरून स्पीकरसारखाच वागणारा अ‍ॅटेन्युएटर, ज्याला रिअ‍ॅक्टिव्ह लोड म्हणतात, तो घेतला. तो ८ ओहमचाच आणि ५० वॅट पेलणारा निवडला, कारण ताणलेला अ‍ॅम्प २२ च्या पुढेही वॅट देतो. जोडणीसाठी गिटारची नव्हे, स्पीकरचीच जाड वायर वापरली. गिटारच्या वायरीतला बारीक गाभा एवढ्या करंटसाठी नसतो. पुढे स्पीकर किंवा लोड काहीच न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, त्यामुळे सुरू करण्याआधी दोन्ही टोके हाताने ओढून पाहण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

आता व्हॉल्यूम ५ वर, लोड उणे ३० डेसिबेलवर. बोटांना मिळणारा तो प्रतिसाद परत आला, आणि त्या दिवशी मी जेवण विसरून वाजवत बसलो. तरीही मुंबईत ऐकलेला स्वर हाच, असे मी म्हणणार नाही. एक तर स्पीकरचा कागद आता जेमतेम हलतो, त्यामुळे त्याचा स्वतःचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो. दुसरे म्हणजे आपला कान. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना माणसाला खर्जाचे स्वर फार कमी ऐकू येतात. त्यामुळे घरी बेस ३ वरून ५ वर न्यावा लागतो, आणि तीच मांडणी कार्यक्रमात ठेवली तर सगळे घुमू लागते. माझ्याकडे म्हणून दोन वेगवेगळ्या नोंदी असतात.

आणखी एक खर्च आधी लक्षात घ्यावा. बाहेर आवाज कमी असला, तरी अ‍ॅम्पच्या आत व्हॉल्व्ह पूर्ण ताणावर जळत असतात. माझी ६व्ही६ची जोडी गेल्या पावसाळ्यात बदलावी लागली आणि बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून स्थिर वाहणाऱ्या करंटची जुळणी, तीही नव्याने लावून घ्यावी लागली.

रात्री दहानंतर स्पीकर पूर्ण बंद करून लोडमधल्या लाइन आउटवरून कॉम्प्युटरमध्ये सिग्नल घेतो आणि स्पीकरचा इम्पल्स रिस्पॉन्स (खऱ्या स्पीकरच्या आवाजाची डिजिटल नक्कल) लावून हेडफोनवर ऐकतो. रविवारी सकाळी अकरा ते बारा मात्र काकूंना आदल्या दिवशी सांगून लोड बाजूला काढतो आणि अ‍ॅम्प सरळ स्पीकरवर, व्हॉल्यूम ४ वर लावतो.