पहिली सहामाही

आज लेकाला दिवाळीच्या सुट्टीसाठी साताऱ्याहून घरी आणलं. सैनिक स्कूलमधली त्याची पहिली सहामाही संपली. २३ जून १९६१ ला सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. साठ वर्षं ती फक्त मुलांची होती, २०२१ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो. (हे फार आधी व्हायला हवं होतं!)

घरी आल्या आल्या त्याने ट्रंक उघडली. प्रत्येक मोज्यावर, बनियनवर मार्करने लिहिलेला नंबर. बुटाचा ब्रश जुन्या फडक्यात गुंडाळलेला. तळाशी एक पत्र होतं, पहिल्या आठवड्यात लिहिलेलं, कधीच न पाठवलेलं. "आई, मला घरी ने." एवढंच. वाचताना माझे डोळे भरून आले.

"पाठवलं का नाहीस रे?"

"दुसऱ्या दिवशी आमची मॅच होती. मग राहूनच गेलं."

पहाटेची पीटी, परेड, संध्याकाळचा अभ्यास, दिवे बंद झाल्यावरची कुजबुज, सगळं भरभरून सांगत होता. शेजारच्या कॉटवरचा मुलगा रात्री रडायचा, तर हा त्याच्याशी अजिंक्यताऱ्याच्या गोष्टी बोलत बसायचा. अकरा वर्षांचं पोर! त्याला इतक्या लवकर लांब ठेवल्याची रुखरुख अजूनही आहे. पण त्या मित्राबद्दल बोलताना त्याच्या आवाजात जी माया होती, ती ऐकून फार बरं वाटलं.

आत्ताच बजावून झोपलाय, जाताना चकल्यांचा डबा मोठा द्यायचा, सगळ्या डॉर्मला पुरला पाहिजे. उद्या भाजणी दळून आणते.