तुम्ही विचारलंत म्हणून: मीडिएशनला गेलं तर परत नांदायला पाठवतात का?

"मॅडम, मीडिएशनला हो म्हटलं तर पोरीला परत नांदायला पाठवतील का हो?" हा प्रश्न मला सारखा येतो. मीडिएशन म्हणजे कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थासमोर बसून दोघांनी आपसात तडजोड ठरवायची. बहुतेकदा मुलीच्या आईकडून, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंकडून, आणि हल्ली रात्री अकरानंतर व्हॉट्सअॅपवर. मी फॅमिली मॅटर्स करणारी वकील आणि कोर्टाच्या पॅनलवर मीडिएटर म्हणूनही बसते, त्यामुळे लोकांना वाटतं हिला आतलं माहीत असणार. माहीत आहे, पण आत कोण काय बोललं ते बाहेर सांगायला बंदी आहे, म्हणून खाली कुणाचीही केस नाही, फक्त परत परत दिसणाऱ्या गोष्टी आहेत.

तर उत्तर: नाही पाठवत. पाठवूच शकत नाही. मीडिएटरला निकाल देण्याचा अधिकार नसतो, चूक कुणाची हे ठरवायचा पण नाही. तुम्ही दोघं जे ठरवाल तेच कागदावर येतं आणि सही केली नाहीत तर काहीच येत नाही.

पण ही भीती उगाच आलेली नाही. आपल्याकडे तीन वेगळ्या खोल्या लोक एकच समजतात. पोलिसांचा भरोसा सेल (जिथे बायकांच्या घरगुती तक्रारी घेतात), फॅमिली कोर्टातले मॅरेज काउन्सेलर आणि मीडिएशन सेंटर. 1984 च्या फॅमिली कोर्ट कायद्यातच लिहिलंय की कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा, म्हणून काउन्सेलर पहिल्या तारखेला विचारतातच की एकत्र राहण्याची काही शक्यता आहे का. त्यात समोरच्याने 'नांदायला यावं' असा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 चा दावा टाकला असेल तर आईच्या पोटात गोळा येणारच ना. मीडिएशन साधारण त्याच्या पुढची पायरी. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काउन्सेलिंग फसलं तर फॅमिली कोर्टाने दोघांच्या संमतीने प्रकरण मीडिएशनला पाठवावं. म्हणजे तिथे येणाऱ्या पुष्कळ जोडप्यांचं वेगळं व्हायचं आधीच ठरलेलं असतं, प्रश्न उरतो कसं व्हायचं याचा. कधीतरी एखादं जोडपं बोलता बोलता परत एकत्र जातं, ते चांगलंच, पण मी त्यासाठी कुणाला ढकलत नाही.

आत काय होतं? आधी दोघांना एकत्र बसवून बोलतो, मग एकेकाशी वेगळं. वेगळं बोललेलं तुम्ही परवानगी दिल्याशिवाय समोरच्याला सांगितलं जात नाही. जजसाहेबांकडे रिपोर्ट जातो तो एका ओळीचा, तडजोड झाली किंवा झाली नाही, बस. का नाही झाली, कोण अडून बसलं, हे त्यात नसतं, आणि आत बोललेलं नंतर केसमध्ये पुरावा म्हणून वापरता येत नाही. कोर्टाने पाठवलेल्या मीडिएशनला सेंटरची फी लागत नाही. आणि पटलं नाही तर उठून निघता येतं, केस जिथे होती तिथून पुढे चालू.

आता खरा मुद्दा. लोकांना वाटतं सगळं भांडण रकमेवर अडतं. रक्कम बऱ्याचदा त्यातल्या त्यात लवकर ठरते. अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर, आणि माझ्या मते मीडिएशनचा खरा उपयोग तिथेच आहे कारण कोर्टाच्या ऑर्डरमध्ये एवढं बारीक कोणी लिहीत बसत नाही. मुलाला भेटायचं, 'दर महिन्याला दुसरा आणि चौथा शनिवार' एवढं लिहून भागत नाही. गणपती कुणाकडे? दिवाळीत पाडवा आणि भाऊबीज एकाच घरी की वाटून? मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी, पण आधीची अर्धी कुणाची? पासपोर्टच्या फॉर्मवर दुसऱ्याने सही किती दिवसात द्यायची? बाबांना दुबईला नोकरी लागली तर? शाळेची फी दरवर्षी वाढते, ती वाढ कोण भरणार? आजी-आजोबांना नातवाशी व्हिडिओ कॉल चालेल का? हे सगळं आज ठरवायचा कंटाळा येतो, डोकं दुखतं, 'बघू नंतर समजुतीने' असं दोघंही म्हणतात, अरे पण समजूत असती तर इथे कशाला आला असता! लिहून घ्या. मुलाची पोटगी आईने 'मला काही नको' या तावात सोडून दिली तरी मुलाचा हक्क संपत नाही हेही लक्षात ठेवा, तो त्याचा असतो, आईचा नाही.

सोनं. यावर मी अख्खं पुस्तक लिहीन. स्त्रीधनाची यादी आणा म्हटलं की एका बाजूची यादी तीस तोळ्यांची आणि दुसऱ्या बाजूची सात. मधलं तेवीस तोळे गेलं कुठे, तर लग्नाच्या अल्बममधे, मावशीच्या कपाटात, कधी चक्क घराच्या डाउन पेमेंटमधे. पावत्या, फोटो, लॉकरची नोंद, जे असेल ते काढा. आणि परत द्यायचं ठरलं तर ते रुपयात लिहू नका, वस्तू, ग्रॅम आणि कॅरट लिहा, भाव चढला की रुपयात लिहिलेल्यावर बाई ओरडते आणि उतरला की नवरा. रुखवतातली भांडी आणि कपाट यावर मात्र तारखा घालवू नका, तुमच्या वकिलाची एका दिवसाची फी त्या कपाटापेक्षा जास्त असते.

फ्लॅट दोघांच्या नावावर आणि वर होम लोन, हा आताच्या तिशीतल्या जोडप्यांचा मोठा गुंता. 'यापुढे हप्ते तो भरेल' असं तुम्ही लिहिलंत तरी बँकेला त्याच्याशी देणंघेणं नसतं, बँकेच्या कागदावर दोघंही कर्जदार, हप्ता चुकला की दोघांचा सिबिल स्कोर खाली. म्हणून तिचं नाव कर्जातून कधीपर्यंत निघणार, बँकेने नकार दिला तर फ्लॅट विकायचा का, हे आधीच ठरवा. अजून एक, महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मूळ स्टँप ड्युटी 200 रुपये, वर अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम झाला की तुम्ही नवरा-बायको नाही, मग ती सवलतही नाही. आता फ्लॅट आधी लिहून दिला आणि समोरचा फिरला तर काय, ही भीती खरी आहे, म्हणूनच क्रम महत्त्वाचा.

क्रम म्हणजे, कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींवर सह्या झाल्या की घटस्फोट झाला असं नाही. त्यानंतर म्युच्युअलचा, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज, हिंदू विवाह कायद्याचं कलम 13 ब, त्यासाठी आधीच किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. मग सहा महिने थांबायचं. 2017 पासून सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण अर्ज करायच्या आधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं आणि पोटगी, मुलं वगैरे सगळं खरोखर मिटलेलं हवं. आणि डिक्री होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नये आणि पूर्ण शेवटपर्यंत अडवूनही ठेवू नये, टप्पे पाडा, डीडीने द्या. 498 अ ची (जुन्या दंड संहितेतलं सासरच्या छळाचं कलम) केस चालू असेल तर 'ती मागे घेईन' हे वाक्य अपुरं आहे, ती नुसती मागे घेता येत नाही, हायकोर्टातून रद्द करून घ्यावी लागते, त्यासाठी बाईचं अॅफिडेव्हिट लागतं, ते कधी द्यायचं याची पण तारीख टाका. या एका ओळीवरून झालेली तडजोड मोडताना बघितली आहे मी.

मोडण्याचं दुसरं कारण बाहेरच्या बाकावर बसलेलं असतं. आत दोघांचं जमत आलेलं असतं, मुलगा 'पाच मिनिटं' म्हणून बाहेर जातो, मामाशी बोलतो आणि परत येतो तो वेगळाच माणूस होऊन. मुलीकडेही तेच, फक्त मामाच्या जागी भाऊ. लग्न ठरवताना बैठकीला वीस माणसं होती त्यामुळे मोडताना पण आम्हाला विचारलंच पाहिजे असं त्यांना वाटतं, आणि पैसे त्यांनी घातलेले असतात त्यामुळे अगदी चूकही म्हणवत नाही. मग एखाद्या तारखेला मी त्यांनाही आत बोलावते, चहा पाजते, बोलू देते, राग एकदा बाहेर पडला की बरं असतं.

आता मीडिएशन कधी नको तेही सांगते कारण मी काही त्याची एजंट नाही. मारहाण झालेली आहे आणि अजून त्याच्यासमोर बसलं की हात थरथरतात, अशा बाईने 'मॅडमनी पाठवलंय म्हणून' जाऊ नये. आधी 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश घ्या, बाकीचं नंतर. तरीही जायचं असेल तर मीडिएटरला पहिल्याच मिनिटाला सांगा की मला एका खोलीत बसायचं नाही, वेगवेगळं बसवून काम करता येतं. भीतीने केलेली सही पुढे तुम्हालाच निस्तरावी लागते. दुसरं, समोरच्याचा धंदा रोकडा आहे आणि तो उत्पन्न दहा हजार सांगतोय, तर मीडिएटर काही करू शकत नाही, बँकेकडून कागद मागवायची ताकद त्याच्याकडे नाही. तिथे आधी कोर्टात दोघांची मालमत्ता आणि देण्यांची अॅफिडेव्हिट्स होऊ द्या, 2020 पासून पोटगीच्या प्रकरणात ती द्यावीच लागतात, मग आकड्यांवर बोला. तोपर्यंत 'एवढ्यात मिटव' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्यात तुमचे स्वतःचे वकीलही आले.

आणि ज्या काकूंनी विचारलं होतं त्यांच्यासाठी, हो, मुलीसोबत तुम्ही येऊ शकता, बाहेर बसावं लागेल. तिच्याकडे पासबुकं, सोन्याच्या पावत्या, लोनचं स्टेटमेंट आणि नातवाच्या शाळेचं सुट्ट्यांचं कॅलेंडर द्या. ऑफिसला हाफ डे टाकून येऊ नका म्हणावं, पूर्ण रजा घ्या.