आमची वाटचाल : हाय-कीच्या उजेडात

पासपोर्ट फोटो आणि लहानसहान समारंभ, एवढ्यावर आमचा स्टुडिओ सुरू झाला. हाय-की, म्हणजे जवळजवळ सगळं उजळ आणि सावल्या अगदी कमी अशा छायाचित्रणाकडे वळलो ते कॅटलॉगच्या कामांमुळे. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र हवी, सावली जवळजवळ नको, तरी कापडाचा पोत दिसला पाहिजे, अशी ग्राहकांची मागणी असायची. पुढे तान्ह्या बाळांचे फोटो आले, कुटुंबांची पोर्ट्रेट आली आणि हीच आमची ओळख झाली.

एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) वाढवलं की झालं हाय-की, असं अनेकांना वाटतं. तसं केलं तर कपाळावरचा, गालावरचा तपशील जळतो, म्हणजे नुसता पांढरा होतो, आणि जळलेला भाग एडिटिंगमध्ये परत मिळत नाही. खरं काम आहे मुख्य दिवा आणि फिल (सावली उजळवणारा दुय्यम प्रकाश) यांच्यातली तफावत कमी करण्याचं. सावलीची बाजू उजळली की चित्र आपोआप हलकं होतं. चेहरा आणि पार्श्वभूमी आम्ही नेहमी वेगवेगळी मोजतो. लाइट मीटरवर चेहऱ्याला एफ ८ आलं, तर मागे एफ ११, म्हणजे साधारण दुप्पट उजेड, किंवा किंचित वर. याच्या फार पुढे गेलं की मागचा उजेड लेन्समध्ये शिरतो, केसांच्या कडा विरघळतात.

म्हणूनच नवी जागा बघताना आम्ही सगळ्यात आधी खोलीची लांबी बघितली. माणूस आणि मागचा कागद यांच्यात ६ ते ८ फूट अंतर असेल तर दोन्हींचा प्रकाश वेगळा सांभाळता येतो. मागच्या दिव्यांना काळे बोर्ड आडवे लावतो, म्हणजे उजेड पुढे सांडत नाही.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे ऑटोवर पांढरं मळकट येतं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना आम्ही आधी मॅन्युअल मोड आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, उजळ भाग उजवीकडे) शिकवतो. आलेख उजवीकडे झुकलेला हवा, पण डोळे, पापण्या, केस यांचा काळेपणा टिकलाच पाहिजे. तो गेला की फोटो फिका पडतो.

काचेच्या बाटल्या पांढऱ्यावर हरवतात. तिथे दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळ्या पट्ट्या उभ्या करतो. काचेला रेखीव गडद कड मिळते. आमचं आवडतं काम हेच!

सुरकुत्यांनी भरलेला चेहरा असेल तर मात्र आम्ही हाय-की सुचवत नाही. ग्राहकाने आग्रह धरला तरी एक फोटो बाजूच्या एकाच दिव्यावर काढून दाखवतो, आणि बहुतेक जण तोच निवडतात.